सासूबाईंच्या मागचा वाघ

माझ्या एका फोटोमुळे सासुरवाडीचं जंगल तीन दिवस बंद पडलं. फोटो चांगला आला होता, एवढं आधीच सांगून ठेवतो.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवतो. चित्रकलेच्या मास्तराला गावात जेवढा मान असतो तेवढा मलाही आहे, म्हणजे स्नेहसंमेलनाच्या आधीचे आठ दिवस. उरलेलं वर्ष काढायला काहीतरी हवं म्हणून मी जुन्या लेन्सच्या नादी लागलो. चंद्रपुरातल्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरने स्टुडिओ बंद करताना त्याची पन्नास मिलिमीटरची, एक पॉइंट दोनची जपानी लेन्स मला देऊन टाकली. वजनाला वरवंट्याएवढी, आत बुरशीचा एक ठिपका, वास डांबरगोळ्यांचा. ऑटोफोकस वगैरे भानगड नाही. कडं हाताने फिरवायचं आणि नशिबात असेल तर फोटो स्पष्ट येतो.

आता ही लेन्स सताड उघडी ठेवली, म्हणजे ॲपर्चर एक पॉइंट दोनवर ठेवलं, की काय होतं ते नीट समजून घ्या. पुढचं सगळं रामायण त्यावरच आहे. फोटोत फक्त केसाएवढी एक पट्टी स्पष्ट येते. माणसाच्या उजव्या डोळ्यावर फोकस केला तर डावा डोळा धूसर, कान गायब, आणि मागचं जग तर विरघळूनच जातं. झाडं वितळतात, उन्हाचे कवडसे गोल गोल दिवे होतात, रंग एकमेकांत मिसळून गरगरायला लागतात. जाणकार लोक याला लेन्सचं ‘कॅरेक्टर’ म्हणतात. माझी बायको रंजना याला ‘बिघडलेला फोटो’ म्हणते.

“अहो, थोडी बंद करत जा ना ती. आठवर, अकरावर. लोकांचे चेहरे तरी दिसतील.”

“बंदच करायची तर मोबाईल काय वाईट आहे?” हे माझं ठरलेलं उत्तर.

आणि खरंच, लेन्स हातात आल्यापासून मी ते ॲपर्चरचं कडं एकदाही फिरवलं नव्हतं. माझा साळा दिवाकर, रंजनाचा भाऊ, त्याच्या साक्षगंधाचे, म्हणजे साखरपुड्याचे, दोनशे फोटो मी सताड उघड्या लेन्सने काढले. त्यातल्या एका फोटोत नवरीची नथ इतकी स्पष्ट आहे की मोती मोजून घ्यावेत. नथ कोणी घातली आहे ते मात्र कळत नाही. (नवरीकडच्यांनी अल्बम चाळून विचारलं होतं, “आमच्याकडचे कोणी आले नव्हते का?”)

तर सासुरवाडी. सावली या तालुक्याच्या गावापासून आत, जंगलाला टेकलेलं गाव. मोहाचे दिवस होते. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली म्हणून मी आणि रंजना गेलो होतो. मोहाच्या दिवसांत त्या गावात पाहुण्याकडे कोणी बघत नाही. पहाटे फुलं गळतात, उजाडताना वेचायची, नाहीतर हरणं आणि वानरं वाटच बघत असतात. प्रत्येक घराची झाडं ठरलेली. माझ्या सासूबाई, गिरजाबाई, साठीच्या पुढच्या. त्यांचं झाड नाल्याकडचं, गावात सगळ्यांत जास्त गळणारं. धान घरच्या पुरुषांच्या नावाचं, पण मोहा त्यांचा स्वतःचा. कोणाला न विचारता खर्च करावं असं त्यांच्या हाती वर्षभरात तेवढंच येतं. तेही पंधरा-वीस दिवसांच्या गळतीवर.

“आई, उद्या मी येतो तुमच्याबरोबर. फोटो काढीन.”

“येता तर या, जवाईबापू. पन चूप बसजा.”

सकाळी सात-आठ बायका मिळून निघालो. आमच्याकडे मोहाला एकटं कोणी जात नाही. दर मोसमात कुठून ना कुठून बातमी येते, एखाद्या गावातली बाई वेचायला गेली ती परत आलीच नाही. त्यामुळे बायका एकमेकींच्या आवाजाच्या टप्प्यात राहतात, अधूनमधून हाका देत राहतात. सासूबाईंचं झाड जरा टोकाला होतं. खालचा पाचोळा जाळून अंगण झाडावं तशी जागा केलेली. फुलं टपटप पडत होती, समोरून उन्हाची पहिली तिरीप येत होती, आणि सासूबाई वाकून वेचत होत्या. मी नाल्याच्या झुडपांकडे पाठ करून गुडघे टेकले. असा प्रकाश फोटोग्राफरला आयुष्यात तीनदा मिळतो, त्यातला एक पावसाने जातो.

“आई, जरा वर बघा.”

सासूबाईंनी वर पाहिलं आणि तशाच थांबल्या. एका हातात फुलं, दुसरा टोपलीवर. नजर लेन्सच्या किंचित वर. (हे नवख्या माणसाचं नेहमीचं. लेन्सच्या डोळ्याला डोळा द्यायला लाजतात.) पण काय डोळे होते! बारा वर्षांत या बाईचे डोळे मी चुलीच्या धुरातच पाहिले होते. तेच आता मोठे, स्थिर, पाणीदार. पापणी लवत नव्हती.

“हलू नका हं आई,” मी म्हणालो.

“तुमी हालू नका,” त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या.

मला हसू आलं. उजव्या डोळ्यावर फोकस लावायचा, श्वास रोखायचा, दाबायचं. दहातला एक लागतो, म्हणून मी काढतच सुटलो. तेवढ्यात लक्षात आलं की टोपली अर्धी कापली जात आहे. या लेन्सला झूम नाही. पुढेमागे माणसानेच व्हायचं. मी गुडघ्यांवरच दोन हात मागे सरकलो.

“मांगं नका सरकू.”

“टोपली यायला पाहिजे ना.”

“टोपली राहू द्या.”

मी आणखी एक हात सरकलो. कलावंताने कोणाचं ऐकायचं नसतं. मोजून चौदा फोटो काढले, तोवर त्या माउलीने मान वळवली नाही. शेवटी त्यांनी लांब श्वास सोडला.

“झालं?”

“झालं.”

“चला मंग घरी.”

टोपली अर्धीच भरली होती. मी तसं म्हटलं तर म्हणाल्या, “पाय दुखून राह्यले.” मला त्यांनी पुढे घातलं आणि स्वतः मागून चालत आल्या, टोपलीतल्या डब्यावर विळा वाजवत, मोठमोठ्याने बोलत. कोणाच्या मावसबहिणीचं लग्न कसं मोडलं, कोणाची म्हैस कशी आटली. बारा वर्षांत त्या माझ्याशी एवढं बोलल्या नव्हत्या. वाटेत बाकीच्या बायकांना काहीतरी सांगितलं, त्याही उठल्या. फोटो काढला की माणूस मोकळा होतो, असा एक विचार त्या वेळी माझ्या मनात आला आणि मी त्यावर खूश होतो.

घरी येऊन फोटो दिवाकरला दाखवला. त्याने लगेच गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला: आईचा फोटो, भाऊजींनी काढला. पहिला निरोप आला, “एक नंबर.” दुसरा आला, “काकू हिरोईन.” तिसरा आला, “मांगं काय हाये?”

मी पाहिलं. सासूबाईंच्या खांद्यामागे एक केशरी ढग होता. त्यात काळे पट्टे. आणि ढगाच्या वरच्या टोकाला, एकमेकांशेजारी, पिवळसर चमकणारे दोन गोल.

पुढचा फोटो आला तो माझाच, पण त्यात कोणीतरी लाल रंगाने गोल काढला होता. त्याच्या पुढच्या फोटोत बाण. मग एकाने कान दाखवले, एकाने शेपूट. चहा होईपर्यंत आमच्या फाटकात तीसेक माणसं जमली आणि त्यांच्यामागून वनखात्याचा बीटगार्ड आला. तरुण पोरगा, बोलायला मऊ.

“सर, मूळ फोटो दाखवा.”

मी कॅमेरा दिला. त्याने फोटो मोठा केला. जितका मोठा करावा तितका वाघ जास्त.

“तुमीच काढला ना?”

“हो.”

“मंग मांगं काय होतं?”

“बघितलं नाही.”

“समोर तर होते तुमी.”

“डोळ्यावर फोकस होता.”

“कोनाच्या?”

“सासूबाईंच्या. उजव्या.”

मग मी त्याला सगळं समजावलं. लेन्स जुनी आहे, उघडी ठेवली की मागचं विरघळतं, कशाचंही काहीही दिसतं. तो म्हणाला, “म्हंजे वाघ नव्हता?” मी म्हणालो, “नसेल.” तो म्हणाला, “म्हंजे असू शकते?” आता प्रामाणिक माणसाने काय सांगावं? मी म्हणालो, “या लेन्सने काही सांगता येत नाही.”

मग त्याने सासूबाईंना विचारलं. “काकू, तुमच्या मांगं काई होतं?”

“माया मांगं काई नव्हतं.”

“वळून पाह्यलं होतं?”

“नाई.”

“मंग कसं सांगता?”

सासूबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. “नव्हतं,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

गार्ड चार माणसं घेऊन जागा बघून आला. जमीन टणक, पाचोळा. झाडामागे पाऊलखूण नाही. पळस होते, जळकी खोडं होती, जंगलात असतं ते सगळं होतं. पण फोटोतलं त्यातलं नेमकं काय, ते त्याला जुळवता येईना. आणि खूण नाही म्हणून वाघ नाही असं कोण लिहून देणार? त्याने साहेबांना फोन लावला. निरोप आला: झाडामागे कॅमेरे लावा, खात्री होईपर्यंत कोणी आत जायचं नाही. नाल्याकडचंच नाही, गावाचं सगळं जंगल बंद.

पुढचे दोन दिवस मी विसरणार नाही. पहाटे सगळं गाव जागं व्हायचं आणि जंगलात कोणी जायचं नाही. बायका रिकाम्या टोपल्या घेऊन आमच्याच ओट्यासमोर बसायच्या. एक म्हणायची, “आता गळून राह्यला असन.” दुसरी म्हणायची, “हरनं खाऊन राह्यले असन.” मग सगळ्या मिळून माझ्याकडे बघायच्या. सासूबाईंच्या झाडाची भर गळती फार तर चार-पाच दिवसांची उरली होती आणि मी ती बसल्याजागी घालवत होतो. मला घास गोड लागेना. सारखा तो फोटो उघडून बघायचो. आधी मला वाघ दिसत नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी मलाही त्याच्या मिश्या दिसायला लागल्या.

आणि मग खरी भीती वाटली. समजा होताच? समजा मी कडं फिरवत बसलो आणि तो त्यांच्या खांद्यामागे दहा पावलांवर उभा होता? रंजनाला तसं म्हटलं तर ती रडायलाच लागली. रडून झाल्यावर म्हणाली, “उद्या जा. आईला तिथंच उभी करा, तुमी तिथंच बसा, आन लेन्स बंद करून तोच फोटो काढा. काय होतं ते स्पष्ट दिसू द्या एकदाचं. आन लेन्स बंद करायला जीवावर येत असेल तर ती नाल्यात टाकून या.”

गार्डला पटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी, तोच प्रकाश साधून, आम्ही निघालो. गार्ड, दिवाकर, काठ्या घेतलेली दहा माणसं. आणि सासूबाईंनी न विचारता बोलावलेल्या सहा बायका, हातात रिकामे पत्र्याचे टीन. सासूबाईंनी त्यांना माझ्या पाठीमागे, नाल्याच्या बाजूला ओळीने उभं केलं.

“इथे कशाला?” मी विचारलं.

“फोटोत येते का त्या?”

“नाही.”

“मंग राहू द्या.”

मी गुडघे टेकले. समोर सासूबाई वाकल्या, त्यांच्या मागे ते केशरी काहीतरी होतंच. डोळ्यांनी बघायची माझी छाती होईना, म्हणून मी कॅमेऱ्यातून बघितलं. आणि ॲपर्चरचं कडं फिरवायला गेलो. कडं हलेना!

इतकी वर्षं एकाच जागी ठेवलेलं ते, गंजून बसलं होतं. मी जोर लावला. रुमाल धरून लावला. दिवाकरने लावला. गार्डने घड्याळात पाहिलं, ऊन सरकत होतं, काठीवाली माणसं झुडपांकडे बघत होती. तेवढ्यात मागे पाचोळा वाजला आणि लेन्स माझ्या हातातून सुटता सुटता राहिली. (एका बाईने पाय बदलला होता.)

“आना इकडं,” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी लुगड्याचा पदर कड्याभोवती गुंडाळला, लेन्स मांडीत धरली आणि मनगट फिरवलं. कट्कन आवाज झाला. “कितीवर पायजे?”

“अकरा,” मी म्हणालो. सासूबाईंनी अकरावर आणून दिलं.

मी फोटो काढला. आयुष्यात पहिल्यांदा त्या लेन्समधून मला दोन्ही डोळे, दोन्ही कान, टोपली, आणि टोपलीतलं एकेक फूल दिसलं. मागे एक जळकं खोड होतं. त्याच्यावर पळसाची एक फांदी मोडून आडवी पडली होती, शेवटच्या बहराची, केशरी. खोडाची काळी ढलपी तिच्यातून पट्ट्यापट्ट्यांनी दिसत होती. वर पानांत दोन भोकं होती आणि त्यांतून ऊन येत होतं. वाघ एवढाच.

गार्डने दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरून पाहिले. मग तो हसला, दिवाकर हसला, काठीवाली माणसं तर बसूनच हसली. झाडामागच्या कॅमेऱ्यांतही दोन रात्रींत एक साळिंदर सोडून काही आलं नव्हतं. गार्डने साहेबांना फोन केला आणि संध्याकाळच्या आत निरोप आला: मिळून जा, आवाज करत जा, वेचा. इतकं हायसं मला दहावीच्या निकालालाही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणभर मोहा वाळत पडला होता. सासूबाई तो हाताने पसरवत होत्या. चेहरा निवलेला होता. मी पाट ओढून शेजारी बसलो आणि म्हणालो, “बघा आई, मी पहिल्यापासून सांगत होतो. वाघ नव्हताच.”

“माया मांगं नव्हता,” त्या म्हणाल्या. हात चालूच होता. “तुमच्या मांगं होता.”

मला वाटलं, गंमत करत आहेत. या बाईंनी बारा वर्षांत गंमत केलेली नाही, हे मला जरा उशिरा आठवलं.

“माझ्या?”

“नाल्याच्या झुडपातून निंगाला. तुमच्यापासून पंधरा हातावर बसला. तुमी मांगं सरकले, तवा बारा.”

मी वळून मागे पाहिलं. “मग तुम्ही बोलल्या का नाही?”

“बोलतो तर तुमी पळले असते. पळला का तो मांगं येते. मी त्याच्या डोयात पाहून राह्यलो होतो. नजर हटवली असती तर काई खरं नव्हतं. तुमचे फोटो होयेतवर बसला, मंग उठून गेला आपला.”

“आणि बाकीच्या बायका?”

“त्यायले वाटेतच सांगतलं. दुसऱ्या दिशी पान्याले गेल्या तवा नाल्याच्या रेतीत पावलं पाह्यली. पलीकडं गेला. तरी काल टीन घेऊन उभ्या केल्या ना तुमच्या मांगं.”

म्हणजे गावातल्या समस्त बायकांना खरा वाघ माहीत होता, आणि आम्ही पुरुष तीन दिवस पळसाच्या फांदीला मिश्या शोधत होतो. मी त्यांच्या पाया पडलो. खरंच पडलो, मोहाच्या फुलांवर गुडघे टेकून. जीव वाचवला होता बाईने माझा. डोळ्यांत पाणी आलं.

“पण आई,” मी नाक पुसत म्हणालो, “निदान घरी आल्यावर तरी सांगायचं होतं.”

“सांगतो तर जंगल बंद केलं असतं त्यायनं.” त्यांनी माझ्या गुडघ्याखालची फुलं काढून घेतली. “ते तुमी तसंबी केलंच.”

त्या चौदातला सातवा फोटो मी मोठा करून हॉलमध्ये लावला आहे. येणारा जाणारा त्याच्यासमोर थांबतो आणि विचारतो, सर, डोळ्यांत एवढा भाव आणला तरी कसा? मी अजूनही लेन्सचंच नाव सांगतो.